आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे : विशेष मुलांच्या आयांनी गट कसा जमवायचा

उन्हाळ्यात आमच्याकडे उडदाचे पापड होतात, तेव्हा गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन एकीच्या ओट्यावर जमतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मजुरी कुणी कुणाला देत नाही, पण कोण कुणाकडे किती दिवस आलं हे प्रत्येकीला तोंडपाठ असतं. विशेष मुलाच्या आईला जो आधार लागतो तो मला याच हिशेबानं मिळाला. संस्था नाही, नोंदणी नाही, दारावर पाटी नाही. खानदेशातल्या पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या आम्ही अकरा जणी, आणि एक दोनशे पानी वही.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी आहे आणि आकडीही येते. पहिली सहा वर्षं मी एकटीनं काढली. त्यांतली निदान चार काढायची गरज नव्हती, असं आता वाटतं. नुकतंच निदान ऐकून घरी आलेल्या आईसाठी हे लिहिते आहे. बाळाला ऑटिझम असो, बौद्धिक अक्षमता असो, डाउन सिंड्रोम असो की अजून डॉक्टरांनी नाव दिलेलंच नसो.

आधी दुसरी आई शोधा

गट म्हटलं की दहा-पंधरा जणी डोळ्यांसमोर येतात आणि तिथंच गाडं अडतं. आधी एक शोधा. ती जवळपास असतेच, फक्त मुलाला घेऊन बाहेर पडत नसते.

तिच्यापर्यंत पोचायचे रस्ते ठरलेले आहेत. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना गावातलं प्रत्येक मूल माहीत असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत तपासणीला येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं हे पथक तपासतं आणि पुढं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. डीईआयसी म्हणतात ते हेच. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात. शाळेत नाव असलेल्या आणि घरी राहून शिकणाऱ्या दोन्ही प्रकारच्या मुलांची यादी त्यांच्याकडे असते. ती यादी ते तुमच्या हातात देणार नाहीत, देऊही नये. तुम्ही तुमचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि म्हणा, "ज्या आईला बोलावंसं वाटेल तिला हा द्या." आमच्या अकरांपैकी पाच जणी अशा चिठ्ठीवरून आल्या.

आणि मग सिव्हिलचं बाकडं. माझी पहिली मैत्रीण मला तिथंच भेटली. फिजिओच्या खोलीबाहेर दोन तास बसलो होतो. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, भुकेनं कळवळत होता आणि मी त्याला मांडीवर आडवा घेऊन वरण-भात भरवत होते. शेजारची बाई बराच वेळ बघत राहिली. मग काही न विचारता तिनं त्याला उचलून तिच्या गुडघ्यावर सरळ बसवलं, पाठ स्वतःच्या छातीला टेकवली, हनुवटी दोन बोटांनी किंचित खाली घेतली आणि मला म्हणाली, "आते दे. बारीक घास दे." सहा वर्षांत पहिल्यांदा तो न ठसकता जेवला. आडव्या मुलाच्या घशात घास चुकीच्या वाटेनं जातो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल, पण मला समजेल असं नाही. ती मग स्वतःच्या मुलीकडं बोट दाखवून म्हणाली, "मनी आंडेर बी अशीच शे." तेवढ्यावर आमची ओळख झाली.

नव्या आईला "याला काय झालंय?" असं विचारू नका. ते तिला दिवसातून चारदा विचारलं जातं. "काय खातो? रात्री झोपतो का?" हे विचारा. मग ती थांबत नाही.

पहिली बैठक: जागा, वार, वेळ

वार बाजाराचा ठेवा. बाजाराच्या दिवशी खेड्यावरची बाई तालुक्याला येतेच, तिला घरात वेगळं कारण सांगावं लागत नाही. पिशवीत भाजी आणि कडेवर मूल, कुणाला संशय नको की खर्च नको. एसटीत महिलांना तसंही मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. आणि मुलाकडे दिव्यांगत्वाचा ४० टक्के किंवा जास्तीचा दाखला असेल तर त्याला ७५ टक्के सवलत मिळते.

जागा तळमजल्याची हवी. संडास जवळ हवा आणि दाराला आतून वरची कडी हवी, कारण आमच्यातली दोन मुलं उघडं दार दिसलं की पळतात. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, म्हणून विहीर, हौद किंवा पाटचारी जवळ असलेलं घर नको, भले तिथला ओटा कितीही मोठा असो. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, पण आरतीच्या घंटेनं एखादं मूल कान दाबून किंचाळायला लागलं की सगळं देऊळ वळून बघतं आणि ती आई पुन्हा येत नाही. आम्ही एकदा ही चूक केली आहे. मे महिन्यात, भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा, पाचच्या आधी कुणाला बोलावू नका. आकडी येणाऱ्या मुलाला तापलं अंग आणि चुकलेली झोप दोन्ही बाधतात. कापूस वेचणीच्या महिन्यांत मजुरीवर जाणारी बाई येणारच नाही. तेव्हा "तिला गरज वाटत नाही" असा अर्थ काढू नका, ती रोज बुडवू शकत नाही एवढंच.

पहिल्या बैठकीत भाषण नको, पाहुणे नकोत, नारळ नको, फोटो तर मुळीच नको. चहा आणि चटई पुरे. प्रत्येकीनं मुलाबद्दल एक गोष्ट सांगायची. "त्याला काय येत नाही" हे सोडून काहीही. आमच्याकडे एकजण म्हणाली, "माझ्या पोरीला केळीचा ट्रक लांबून आवाजावरून कळतो." तिचं घर केळीच्या पट्ट्यात आहे, त्यामुळे या कौशल्याला दिवसभर वाव आहे.

वही आणि तास

आता मुख्य काम. माझं मत स्पष्ट आहे: जो गट फक्त बोलायला जमतो तो सहा महिन्यांत विरतो. जो गट एकमेकींची मुलं सांभाळतो तो टिकतो. आईला सल्ल्याची कमतरता नसते. सल्ला सगळे देतात, रिक्षावालासुद्धा देतो. तिला कमी पडतो तो तास, ज्यात दात दुखत असेल तर डॉक्टरकडे जाता येतं, बँकेत जाता येतं, किंवा नुसतं पंख्याखाली पडता येतं.

वहीत प्रत्येकीच्या नावाचं एक पान. सांभाळले तास डावीकडे, घेतलेले उजवीकडे. पैसे नाहीत. वाटायला कोरडा हिशेब वाटतो, पण वही नसली तर भिडस्त बाई कधीच मागत नाही आणि दोघी-तिघी कायम देतच राहतात. वहीत जमा दिसली की मागायला तोंड उघडतं. ज्या आईचं मूल फार जड आहे, रात्र-रात्र जागवतं, तिची बाजू नेहमी उणे राहणार. ती तशीच राहू द्यायची, हे आम्ही पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे.

पण एकदम मूल सोपवून निघून जाऊ नका. पहिल्या तीन वेळा आई तिथंच बसते आणि दुसरी सांभाळते. चौथ्या वेळी आई अर्धा तास बाहेर. मग एक तास. आमच्याकडे याहून लांब पल्ला अजून दोनच जोड्यांनी गाठला आहे.

प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी वहीला टाचलेली असते. ही चिठ्ठी माझ्या चुकीतून आली. मी मुलाला एकीकडे ठेवून तहसीलमध्ये गेले होते. त्याला कोरडं गिळता येत नाही हे मला इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचंच राहिलं. तिनं बिचारीनं मायेनं हातावर शेव ठेवली. मी परत आले तर तो निळा पडत आला होता आणि ती त्याला पुढं वाकवून पाठीवर थापा मारत होती. वाचला. ती त्यानंतर दोन महिने माझ्याशी नीट बोलू शकली नाही, आणि दोष सगळा माझा होता. तेव्हापासून चिठ्ठीशिवाय मूल घ्यायचं नाही, असा नियम आहे. चिठ्ठीत काय लिहायचं? काय खातो आणि कसं खातो, औषधाचं नाव आणि वेळ, कशाला घाबरतो, शी-शू कसं सांगतो, रडला तर कशानं थांबतो, आणि दोन फोन नंबर.

आकडी येणाऱ्या मुलाच्या चिठ्ठीमागं आम्ही हे मोठ्या अक्षरांत लिहितो: कुशीवर वळवा, गळ्याचं बटण सोडा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला घ्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा आणि चप्पल नाकाला लावू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. कांद्याचा मुद्दा वाचून शहरातल्या वाचकाला हसू येईल. आमच्याकडे अजून प्रत्येक गल्लीत कांदा घेऊन धावणारं कुणीतरी असतं, आणि प्रेमानंच धावतं.

मुलीचे कपडे बदलणं, धुणं-पुसणं यात संकोच ठेवून चालत नाही. कुणी करायचं ते आईनं नाव घेऊन सांगायचं. मूल सांभाळताना घरात दोन मोठ्या बायका असाव्यात, आणि घरातल्या पुरुषांच्या भरवशावर मूल सोडायचं नाही, मग ते कितीही सज्जन असोत. हा नियम ऐकून एका घरी राग आला होता. आम्ही नियम बदलला नाही.

कागदपत्रं एकटीनं करू नका

सरकारी कामाला चार-पाच जणी मिळून जा. एक रांगेत, दोघी मुलांजवळ, एक झेरॉक्सला. एकटी बाई गेली की "उद्या या" ऐकून परत येते. पाच जणी मुलांसकट उभ्या राहिल्या की साहेबांना आजच वेळ मिळतो.

पहिला कागद यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. बाकी बहुतेक दारं त्यानं उघडतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, सेतूतून किंवा मोबाइलवरून भरता येतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि मुलाची जुनी डॉक्टरी कागदं लागतात. मग रुग्णालयात तपासणी. कार्डाचा रंग टक्केवारीवर असतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचाच दाखला मिळतो, म्हणून संपायची तारीख वहीत लिहून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम, अध्ययन अक्षमता, सिकलसेल, थॅलेसेमियासुद्धा त्यात येतात. "हे अपंगत्वात बसत नाही" असं कुणी खिडकीवरून म्हणालं तर वाद न घालता यादी दाखवा.

एका सरकारी रुग्णालयात आम्ही चाळीस किलोमीटरवरून दोनदा गेलो आणि दोनदा तपासणारे डॉक्टर रजेवर निघाले. आता आदल्या दिवशी फोन करतो. आणि बुद्ध्यांकाच्या चाचणीला मूल उपाशी किंवा अर्धवट झोपेत नेत नाही. तिथं मूल "हुशार दिसेल" म्हणून आईनं पढवून आणू नये आणि टक्के वाढावेत म्हणून गप्पही बसवू नये. रोजचं आहे तसं सांगा: अंघोळ कोण घालतं, जेवण कोण भरवतं, रस्ता कळतो का.

कार्ड आलं की पुढची कामं भराभर उरका. निरामय आरोग्य विमा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. राष्ट्रीय न्यासाची ही योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते आणि त्यात ओपीडीतली थेरपीही धरली जाते. अर्ज न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसीलमध्ये जा. उत्पन्नाची अट आणि चालू रक्कम तिथं विचारून घ्या, दोन्ही बदलतात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे मुलाचं नाव नोंदवा आणि ग्रामसभेत विचारा की गेल्या वर्षी ते कशावर गेले. उत्तर ऐकायला बाकीच्या चार जणींनाही न्या. शाळेत नाव असेल तर विशेष शिक्षकाला प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि मुलींचा प्रोत्साहन भत्ता विचारा. मूल अंथरुणावरचं असलं तरी शाळेत नाव घालता येतं आणि शिक्षक घरी येऊ शकतात.

रेल्वेची सवलत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला आणि सोबत्यालाही मिळते, त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र आणि रेल्वेचं कार्ड लागतं. जळगाव-चाळीसगाव बाजूच्यांना भुसावळ मंडल कार्यालय सोयीचं. अमळनेर, नंदुरबार मात्र पश्चिम रेल्वेत मोडतात, तेव्हा आधी स्टेशनवर चौकशी करा.

एक गोष्ट बहुतेक आयांना उशिरा कळते. मूल १८ चं झालं की कायद्यानं सज्ञान होतं आणि बँकेतली आईची सही चालत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्यात, वर सांगितलेल्या चार प्रकारांसाठी, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. सतराव्या वर्षीच कागद गोळा करा.

नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर यातलं निम्मं अवघड आहे. तिथं दर आठवड्याला जमणं शक्य नाही, महिन्यातून एका हाटाच्या दिवशी तीन जणी जमल्या तरी मोठी गोष्ट. दिवाळीनंतर घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. जाताना कार्ड आणि औषधाची चिठ्ठी सोबत द्या, यूडीआयडी देशभर चालतं. आकडीची गोळी अचानक बंद पडणं फार वाईट, तेव्हा निघण्याआधी पुरेसा साठा मागून घ्या.

भाषा

थेरपिस्ट प्रमाण मराठी बोलतात आणि आमच्या घरात अहिराणी. शहाद्याकडे कुणाच्या घरी गुजरी, सातपुड्यात पावरी. "मूल बोलत नाही, घरात शुद्ध मराठीच बोला" असं आम्हाला सांगितलं गेलं, आणि एका आजीनं नातवाशी बोलणंच बंद केलं, चुकीचं बोलले जाईल म्हणून. तसं करू नका. दोन भाषांमुळं मूल मुकं होत नाही. तुम्ही ज्या भाषेत त्याला रागावता आणि लाडावता त्याच भाषेत दिवसभर बोला. थेरपिस्टलाच दहा अहिराणी शब्द लिहून द्या. आमच्या मॅडमनी ते भिंतीला चिकटवले आहेत.

घरातली माणसं

ग्रहणात चिरलं, कानबाई देवीचं काही राहिलं, तुझ्या माहेरात असेल. हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. वाद घालून सासू बदललेली मी पाहिली नाही. गटात आणलेली सासू मात्र दुसऱ्या सासूशी बोलून बदललेली पाहिली आहे. दोन म्हाताऱ्या कोपऱ्यात बसून आपापल्या नातवांच्या तक्रारी करता करता एकमेकींना बाम लावू लागल्या, आणि पुढच्या महिन्यात आमची सासू स्वतःच म्हणाली, "आज बाजार शे ना? चाल." मानता करायची असेल तर करू द्या. गोळी बंद करू देऊ नका, बस्स.

बापांना आम्ही तीन महिन्यांतून एकदा शेताच्या बांधावर भरीत-पुरीला बोलावतो. मुलांबद्दल बोला असं सांगत नाही. वांगी भाजायला तीन तास लागतात, तेवढ्यात ते आपसूक निघतं.

लग्नसराईत दोघी-दोघी मिळून जा. एकीनं हळदीला बसायचं, दुसरीनं मुलाला डीजेपासून लांब फिरवायचं, मग पाळी बदलायची. मी भावाच्या लग्नात पहिल्यांदा पंगतीत बसून पूर्ण जेवले ते अशा सोबतीमुळं.

भावंडांकडे लक्ष राहू द्या. आमच्या मोठ्या मुलीनं एकदा विचारलं, "मी आजारी पडले तर तू मला पण दवाखान्यात नेशील ना?" त्या दिवसापासून वहीतला महिन्याचा एक तास तिच्या नावावर असतो.

फोनचा गट

व्हॉट्सअॅप गट प्रत्यक्ष भेटीनंतर काढा, आधी नको. नियम दोन. दुसरीच्या मुलाचा फोटो पुढं पाठवायचा नाही. आणि "हमखास बरा होतो" असा उपचार टाकायचा नाही. दरवर्षी कुणीतरी स्टेम सेलचं पत्रक घेऊन येतं, लाखाचा आकडा असतो, आणि एखादी शेत गहाण टाकायला निघते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ठरावीक रक्तविकारांसारखे मान्य आजार सोडले तर स्टेम सेल संशोधनातल्या चाचणीबाहेर वापरायचे नाहीत, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. हे वाक्य मी आमच्या गटात पिन करून ठेवलं आहे.

पैशाची बचत सुरू करायची असेल तर उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, ताईंना विचारा. एरवी बचत गटाला १० जणी लागतात, दिव्यांगांच्या गटाला ५ चालतात. पण पहिलं वर्ष पैसा मध्ये आणू नका, असं माझं मत. वहीतले तास बुडाले तर रुसवा होतो, पैसे बुडाले तर गट जातो.

जी येईनाशी होते तिच्यासाठी

दोन बाजार सलग न आलेल्या आईकडं तिसऱ्याच्या आत कुणीतरी घरी जायचं. फोन पुरत नाही, फोनवर ती "बरं आहे" म्हणते. रिकाम्या हातानं जायचं नाही, कळण्याची भाकरी आणि ठेचा न्यायचा, म्हणजे तिची संध्याकाळची चूल वाचते. "का नाही आलीस?" विचारायचं नाही. ती जेवत नसेल, झोपत नसेल, मुलासकट विहिरीत जाण्याची भाषा करत असेल, तर तिला त्या रात्री एकटी सोडायची नाही आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर तिथंच बसून फोन लावायचा. तो फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीतून बोलतात.

बहुतेक वेळा इतकं काही नसतं. ती दारात उभी असते, केस विस्कटलेले, पदराला मुलाची लाळ. तेव्हा आत शिरून फक्त हात पुढं करायचे: "पोऱ्याले मनाकडे दे, तू आंग धुई ले."